नवी गाडी घेताना भाव नेमका कशाचा करायचा?

वाहन उत्पादक विक्री वाढवण्यासाठी दोन प्रकारे पैसे सोडतात. कधी ते थेट ग्राहकासाठी सवलत जाहीर करतात आणि तिची भरपूर जाहिरात होते. कधी तशीच रक्कम ते गाजावाजा न करता डीलरला देतात आणि तिच्यातले ग्राहकाला किती द्यायचे हे डीलरच्या मर्जीवर सोडतात. मेघन बसी, होर्हे सिल्वा-रिसो आणि फ्लोरियन झेटलमायर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील वाहनविक्रीचे व्यवहार तपासून २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले, की जाहीर सवलतीचा ७० ते ९० टक्के भाग ग्राहकाच्या पदरात पडतो, तर डीलरला मिळणाऱ्या सवलतीतला जेमतेम ३० ते ४० टक्के भाग त्याच्यापर्यंत पोहोचतो. गाड्या त्याच, शोरूम तीच आणि घासाघीस करणारी माणसेही तशीच. सोडण्याजोगी रक्कम किती आहे हे एका बाबतीत ग्राहकाला ठाऊक होते आणि दुसऱ्या बाबतीत नव्हते, एवढाच काय तो फरक.

भाव पाडून घेणे ही जिभेची करामत आहे, असा आपल्याकडे सरसकट समज असतो आणि त्यामुळे शोरूममध्ये जाताना एखाद्या वाक्पटू नातेवाइकाला सोबत नेले जाते. नातेवाइकाला जरूर न्यावे. पण वरील आकडे पाहता खरा फायदा होतो तो बोलण्याआधी जमवलेल्या माहितीचा. ही माहिती कोणती, ती कुठे मिळते आणि ती वापरायची कशी, हे समजण्यासाठी आधी डीलरचा धंदा कसा चालतो ते पाहावे लागेल.

डीलर हा साधारणपणे उत्पादकाचा नोकर नसून स्वतंत्र व्यापारी असतो. तो कारखान्याकडून घाऊक दराने गाड्या घेतो आणि त्यासाठी लागणारे भांडवल बहुतेक वेळा कर्जाऊ असते. त्यामुळे आवारात उभी असलेली प्रत्येक गाडी रोज थोडे व्याज खात असते, आणि दोन-तीन महिने न विकली गेलेली गाडी कालच आलेल्या गाडीपेक्षा त्याला अधिक नकोशी झालेली असते. उत्पादक जी किंमत छापतो ती बहुतेक ठिकाणी ‘सुचवलेली’ किंमत असते. अमेरिकेत १९५८च्या कायद्याने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर ही किंमत तपशिलासह चिकटवणे सक्तीचे झाले. त्या कायद्यामागे असलेले सिनेटर माइक मन्रोनी यांचेच नाव त्या चिठ्ठीला पडले. त्यामुळे मनमानी किमती सांगण्याला काहीसा आळा बसला, पण वाटाघाटी थांबल्या नाहीत. छापील किंमत ही चर्चेची सुरुवात आहे, हे विक्रेता आणि ग्राहक दोघेही जाणून असतात.

नव्या गाडीच्या विक्रीवर डीलरला सुटणारा नफा अनेकदा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच पातळ असतो. त्याची भरपाई अन्य वाटांनी होते. कर्ज मिळवून दिल्याबद्दल वित्तसंस्थेकडून कमिशन, विम्यावर कमिशन, अॅक्सेसरीज आणि वाढीव वॉरंटीवरचा भरघोस नफा, जुन्या गाडीच्या खरेदी-विक्रीतला फरक आणि पुढची अनेक वर्षे चालणारे सर्व्हिसिंग, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. शिवाय उत्पादक महिन्याला किंवा तिमाहीला विक्रीचे लक्ष्य ठरवून देतो आणि ते गाठल्यास प्रत्येक गाडीमागे बोनस देतो. लक्ष्याला एकच गाडी कमी पडत असेल, तर त्या एका गाडीवर तोटा सोसूनही डीलर एकूण फायद्यात राहू शकतो. काही उत्पादक घाऊक किमतीतला छोटासा हिस्सा मागाहून डीलरला परत करतात; अमेरिकेत तो छापील किमतीच्या साधारण एक ते तीन टक्के असतो. म्हणून ‘ही पाहा आमची खरेदीची पावती, या भावात आम्हाला काहीच उरत नाही’ असे म्हणणारा विक्रेता खोटे बोलत असेलच असे नाही, मात्र ती पावती म्हणजे संपूर्ण हिशेब नव्हे. डीलरला किती उरते हा प्रश्न ग्राहकाने डोक्यातून काढून टाकावा, असे माझे मत आहे. हीच गाडी दुसरा डीलर किती रकमेत द्यायला तयार आहे, हा त्याच्या कामाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मिळवता येते.

ते मिळवण्यासाठी पहिली अट अशी, की मॉडेल, व्हेरियंट, इंजिन, गिअरचा प्रकार आणि रंग हे सगळे आधी पक्के झालेले असावे. टेस्ट ड्राइव्ह घेणे आणि भाव ठरवणे ही कामे एकाच दिवशी करू नयेत. ज्या गाडीत बसून नुकतेच मन हरखले आहे, तिच्याबद्दल कोरडेपणाने बोलणे अवघड असते. निवड पक्की झाली, की आसपासच्या तीन-चार डीलरकडून त्याच गाडीचे लेखी कोटेशन मागवावे, आणि ते तपशीलवार असावे असा आग्रह धरावा. गाडीची मूळ किंमत, त्यावरची सवलत, कर, नोंदणीचा खर्च, विमा, अॅक्सेसरीज आणि डीलरने स्वतःचे म्हणून लावलेले जे काही आकार असतील ते, अशी प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत लिहिलेली हवी. सर्वांत खाली एकच आकडा हवा: गाडी ताब्यात घेईपर्यंत खिशातून जाणारी एकूण रक्कम. तुलना करायची ती याच आकड्यांची.

कोटेशन हाती आल्यावर त्यातल्या ओळींची दोन गटांत विभागणी करावी. कर आणि नोंदणी यांसारख्या सरकारी रकमा एकाच ठिकाणच्या सगळ्या डीलरकडे सारख्याच असायला हव्यात. त्यावर घासाघीस होत नाही, पण दोन कोटेशनांत त्या वेगळ्या दिसल्या तर कारण अवश्य विचारावे. बाकीच्या ओळी डीलरच्या अखत्यारीतल्या असतात. हाताळणीचा आकार, कागदपत्रांचा आकार, ‘आवश्यक’ म्हणून जोडलेले पॅकेज, रंगावरचे संरक्षक कोटिंग, अशी त्यांची नाना नावे असतात. प्रत्येक ओळीसमोर एक साधा प्रश्न विचारावा: हे मला नको असेल तर चालेल का? कोणत्या नियमाखाली ते सक्तीचे आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या कोटेशनातून ती ओळ काढता येते. ओळ काढायची नसली, तर तेवढी रक्कम दुसरीकडे वळती करून घेता येते.

लेखी व्यवहाराचा आणखी एक लाभ फारसा बोलला जात नाही. इयान आयर्स आणि पीटर सीगलमन यांनी शिकागो परिसरातल्या शोरूममध्ये तीनशेहून अधिक जोड्यांनी प्रशिक्षित ‘ग्राहक’ पाठवून केलेला प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. सर्वांना बोलण्याची पद्धत एकच शिकवलेली होती, तरीही गोऱ्या पुरुषांना सांगितलेल्या किमती स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना सांगितलेल्या किमतींपेक्षा लक्षणीय कमी निघाल्या. पुढे २००३ साली फियोना स्कॉट मॉर्टन, झेटलमायर आणि सिल्वा-रिसो यांनी दाखवून दिले, की इंटरनेटच्या मध्यस्थ सेवेमार्फत कोटेशन मागवणाऱ्या अल्पसंख्याक ग्राहकांना गोऱ्या ग्राहकांइतकीच किंमत मोजावी लागत होती. समोरच्याचे कपडे, वय, बोलीची ढब, तो एकटा आला आहे की कुटुंबासह, यांवरून विक्रेता अंदाज बांधत असतो. कागदावर मागितलेल्या भावात या अंदाजांना फारसा वाव राहत नाही.

यानंतर येतो पहिल्या आकड्याचा प्रभाव. समोर आलेल्या पहिल्या संख्येभोवती माणसाचा अंदाज घुटमळतो आणि जाणकारही याला अपवाद नसतात. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घरांच्या व्यवहारात मुरलेल्या एजंटांना एकच घर दाखवले, मात्र प्रत्येक गटाला त्याची मागणी किंमत वेगळी सांगितली. एजंटांनी काढलेली मूल्ये त्या सांगितलेल्या किमतीकडे झुकली. आपण त्या किमतीचा विचार केला होता हे त्यांतल्या बहुतेकांनी कबूल मात्र केले नाही. शोरूममध्ये हा पहिला आकडा म्हणजे छापील किंमत, आणि चर्चा तिच्यापासून खाली सरकू लागली की सोडलेली प्रत्येक छोटी रक्कम ही मेहेरबानी वाटू लागते. यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे आपला आकडा आधी ठरवून नेणे. मिळालेल्या कोटेशनांतील सर्वांत कमी एकूण रकमेपासून बोलायला सुरुवात करावी आणि ती कुठून आली हे सांगावे. ‘मला याच व्हेरियंटचे एवढ्या रकमेचे लेखी कोटेशन मिळाले आहे, तुम्ही मला जवळचे आहात, त्याहून कमी करता येत असेल तर मी इथेच बुकिंग करीन’ हे वाक्य पुरेसे असते. आधाराशिवाय अवाच्या सवा कमी मागण्याने काही साधत नाही, कारण अनुभवी विक्रेता अशा माणसाला गंभीर ग्राहकांच्या यादीतून वगळतो आणि आपला वेळ दुसऱ्याला देतो.

या विषयातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग आता येतो. गाडीच्या व्यवहारात प्रत्यक्षात चार सौदे एकत्र असतात: नव्या गाडीची किंमत, जुन्या गाडीचे मोल, कर्ज आणि वरून जोडलेल्या वस्तू व सेवा. विक्रेत्याला हे चारही एकदम बोलायला आवडतात, कारण एका ठिकाणी सोडलेले दुसऱ्या ठिकाणी भरून काढता येते. ग्राहकाचे हित ते वेगवेगळे ठेवण्यात आणि त्याच क्रमाने बोलण्यात आहे.

‘महिन्याला किती हप्ता झेपेल?’ हा निरुपद्रवी वाटणारा प्रश्न याच कारणाने टाळावा. समजा, गाडीची किंमत १०० आहे, चलन कोणतेही धरा, आणि ती संपूर्ण रक्कम घटत्या शिलकीवर वार्षिक ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतली. महिन्याचा हप्ता सुमारे २.०८ येतो आणि पाच वर्षांत एकूण १२४.५५ भरावे लागतात. आता विक्रेत्याने किंमत १०५ केली, पण मुदत सात वर्षांची केली, तर हप्ता १.६९वर उतरतो. हप्त्याकडेच नजर ठेवणाऱ्याला हा दुसरा सौदा चांगला वाटेल. प्रत्यक्षात तो जवळजवळ १४२ भरणार असतो. किंमत वाढली, मुदत वाढली, व्याज वाढले आणि हप्ता मात्र कमी झाला. म्हणून हप्त्याचा प्रश्न आल्यास ‘कर्जाचे नंतर पाहू, आधी एकूण किंमत ठरवू’ असे शांतपणे सांगावे.

व्याजाचा दर ऐकताना तो कोणत्या पद्धतीचा आहे हे विचारणे तितकेच महत्त्वाचे आहे. फ्लॅट दरात मुद्दल फिटत गेले तरी व्याज मूळ रकमेवरच मोजले जाते. १०० रकमेवर फ्लॅट ५ टक्के दराने पाच वर्षांचे व्याज २५ होते, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या ९ टक्क्यांच्या व्याजाहून किंचित जास्तच. ऐकायला ५ आणि ९ यांत केवढे अंतर वाटते! शोरूममध्ये जाण्यापूर्वी आपल्या बँकेकडून कर्जाची पूर्वमंजुरी घेऊन ठेवली, तर डीलरने सुचवलेले कर्ज त्याच्याशी ताडून पाहता येते. डीलरचे कर्ज स्वस्त निघाले तर ते घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही. फक्त प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारा आकार यांची चौकशी करून मगच तुलना करावी.

शून्य टक्के व्याजाची योजना नेहमी फसवी असते असे मानणारेही पुष्कळ आहेत, पण तसे नसते. अनेकदा रोख सवलत किंवा शून्य टक्के कर्ज यांपैकी एकच निवडायचे असते. कर्जाचा बाजारदर ९ टक्के असेल, तर १०० रकमेचे तीन वर्षांचे बिनव्याजी कर्ज हे किमतीत जवळजवळ १२.६ची सूट मिळाल्यासारखे आहे. त्यामुळे सोडावी लागणारी रोख सवलत याहून कमी असेल, तर बिनव्याजी कर्जच फायद्याचे. मात्र योजना निम्म्याच रकमेला लागू असेल तर हा लाभही निम्मा होतो, आणि छुपी फी असेल तर आणखी घटतो.

जुनी गाडी देऊन नवी घेताना पाहायचा आकडा म्हणजे दोन्हींतला फरक. एक डीलर १०० किमतीवर ५ सूट देऊन जुनी गाडी २५ला घेतो. दुसरा सूट देत नाही, पण जुन्या गाडीचे ३० देतो. दोघांकडेही पदरचे ७०च जातात, तरी दुसऱ्याकडून बाहेर पडणारा माणूस आपल्या गाडीला चांगला भाव आला म्हणून अधिक खूश असतो. जुन्या वस्तूवर जीव जडलेला असतो आणि हे विक्रेत्याला नेमके ठाऊक असते. त्यासाठी नव्या गाडीची किंमत पक्की होईपर्यंत जुन्या गाडीचा विषय काढू नये, आणि तिचे मोल बाहेरच्या एक-दोन खरेदीदारांकडून आधीच काढून घ्यावे. स्वतः विकल्यास सहसा थोडे जास्त मिळतात, पण त्यात वेळ जातो आणि कटकट वाढते. काही ठिकाणी जुनी गाडी डीलरला दिल्यास कर फक्त फरकाच्या रकमेवर आकारला जातो, तेही हिशेबात धरावे.

विमा आणि अॅक्सेसरीज यांबाबत फार लिहिण्यासारखे नाही. विम्याचे कोटेशन स्वतंत्रपणे बाहेरून मागवावे, त्यातली संरक्षणे डीलरच्या विम्याशी ओळीने ताडावी आणि स्वस्त पडेल ते घ्यावे. अॅक्सेसरीज मागाहून बाहेर बसवता येतात, फक्त मूळ वॉरंटीला धक्का लागणार नाही एवढे पाहावे. वाढीव वॉरंटी त्याच दिवशी घेण्याची गरज बहुधा नसते, कारण अनेक उत्पादक मूळ वॉरंटी संपेपर्यंत ती घेण्याची मुभा देतात. ‘सवलतीऐवजी अॅक्सेसरीज फुकट देतो’ या प्रस्तावात त्या वस्तूंची किंमत डीलर आपल्या यादीतल्या दराने मोजतो; त्याला स्वतःला त्या बऱ्याच स्वस्त पडलेल्या असतात. पैसे कमी होणे आणि वस्तू वाढणे यांत निवड करायची असेल तर पैसे कमी करून घ्यावेत.

वेळेचे महत्त्व आहे, पण सांगितले जाते तितके नाही. महिनाअखेर आणि तिमाहीची अखेर विक्रीच्या लक्ष्यामुळे ग्राहकाला अनुकूल ठरू शकते. नवे मॉडेल येण्याच्या बेतात असेल तर जुन्याचा साठा खपवण्याची घाई असते. वर्ष बदलल्यावर मागच्या वर्षी बनलेल्या गाडीवर मोठी सूट मिळते. ही शेवटची सूट फुकटची नसते, कारण गाडी पुढे विकताना तिचे वय अनेकदा उत्पादनाच्या वर्षावरून मोजले जाते. गाडी दहा-बारा वर्षे वापरायची असेल तर तो फरक नगण्य होतो, तीन वर्षांत बदलायची असेल तर मिळालेली सूट तिथेच परत जाते.

प्रत्यक्ष शोरूममधला प्रसंग बराचसा ठरावीक वळणाने जातो. विक्रेता ‘मॅनेजरना विचारून येतो’ म्हणून आत जातो, ग्राहक चहा-कॉफी घेत बसतो, बराच वेळ जातो आणि विक्रेता छोटीशी सूट घेऊन परत येतो. यात दर वेळी लबाडी असते असे नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे सूट देण्याचा अधिकार खरोखरच मॅनेजरकडे असतो. म्हणून शेवटच्या टप्प्यावर ‘निर्णय घेऊ शकणाऱ्या व्यक्तीशी बोलता येईल का?’ असे सौजन्याने विचारावे. जसजसा वेळ जातो तसतसे माणूस थकतो आणि एवढा वेळ घालवला आहे तर आता उरकून टाकू असे त्याला वाटू लागते. ‘हा भाव फक्त आजच्यापुरता’ असे सांगितले गेल्यास तो भाव तारखेसह लिहून मागावा आणि घरी यावे. बरेच भाव दुसऱ्या दिवशीही तेच असतात. जो खरोखर त्याच दिवसापुरता असतो, तो साधारणपणे एखाद्या जाहीर योजनेच्या अखेरच्या तारखेमुळे, आणि ती तारीख आधीच तपासता येते. विक्रेत्याशी वैर धरण्याचे कारण मात्र काही नाही. पगार आणि विक्रीमागे मिळणारा मोबदला यांवर त्याचे घर चालते, आणि जो ग्राहक स्पष्ट बोलतो व लवकर ठरवतो, त्याच्यासाठी तोही मॅनेजरकडे आपण होऊन शब्द टाकतो.

काही वेळा भाव होतच नाही. २०२० नंतर सेमीकंडक्टर चिपांचा तुटवडा पडला तेव्हा जगभर गाड्यांसाठी प्रतीक्षा याद्या लागल्या आणि कित्येक ठिकाणी छापील किमतीच्याही वर पैसे मागितले गेले. मागणी जास्त आणि गाड्या कमी असताना कोणतीही युक्ती चालत नाही. थांबायचे, दुसरे मॉडेल पाहायचे किंवा द्यायचे, एवढेच मार्ग राहतात. काही कंपन्यांनी तर घासाघीसच धंद्यातून काढून टाकली. जनरल मोटर्सने १९९० साली बाजारात आणलेला सॅटर्न हा ब्रँड ‘एकच भाव’ या धोरणासाठी ओळखला जात होता. टेस्ला डीलरऐवजी स्वतःच ठरलेल्या किमतीला गाड्या विकते. मर्सिडीज-बेंझने २०२२पासून ऑस्ट्रेलियात डीलरला केवळ एजंट ठेवून किंमत स्वतः ठरवण्याची पद्धत आणली. अशा ठिकाणी गाडीच्या किमतीवर बोलून उपयोग नसतो. जुन्या गाडीचे मोल, कर्जाचा दर आणि विमा हे तीन सौदे तरीही खुलेच असतात, आणि बहुतेक ग्राहक किंमत ठरलेली आहे म्हणून याही तिन्हींवर गप्प बसतात.

भाव ठरला, की बुकिंगची रक्कम देण्याआधी सगळे कागदावर यायला हवे. व्हेरियंट, रंग, उत्पादनाचे वर्ष, एकूण रक्कम, फुकट देऊ केलेल्या वस्तूंची नावे, डिलिव्हरीची अंदाजे तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे सर्व त्यात असावे. डिलिव्हरीपूर्वी उत्पादकाने किंमत वाढवली तर वाढ कोण सोसणार, हा मुद्दा अनेक छापील फॉर्मांत बारीक अक्षरांत ग्राहकाच्या विरोधात लिहिलेला असतो; तो आधी वाचावा आणि बदलून घेता आला तर घ्यावा. तोंडी दिलेला शब्द त्या विक्रेत्याने नोकरी बदलली की संपतो.

उरलेली रक्कम चुकती करण्याआधी आणि नोंदणी होण्याआधी प्रत्यक्ष गाडी दिवसाउजेडी पाहावी. गाडीवरचा १७ अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळवावा, उत्पादनाचा महिना आणि वर्ष तपासावे, किती किलोमीटर चालली आहे ते पाहावे, रंगात कुठे फरक, ओरखडा किंवा पुन्हा रंगवल्याची खूण आहे का ते निरखावे आणि टायरवरची तारीखही वाचावी. टायरच्या बाजूवरच्या चार अंकांपैकी पहिले दोन अंक आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. काही वावगे आढळल्यास ते दुरुस्त करून किंवा गाडी बदलून मिळेपर्यंत पैसे थांबवावेत, कारण नोंदणी ग्राहकाच्या नावावर झाल्यानंतर तीच तक्रार सर्व्हिस विभागाच्या रांगेत जाऊन उभी राहते.